मोरचुदातलं पाणी

श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी आहे. कोळेरोग (सुपारी सडून गळते तो) येऊ नये म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी बोर्डो मिश्रणाची फवारणी ठरलेली: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (म्हणजे तांब्याचं सल्फेट), एक किलो चुना. तीस वर्षं हे निळे खडे हाताळतोय. यंदा पुतणीने विचारलं, "काका, मोरचूद तापवलं की पांढरं का होतं?" मी म्हटलं, होत असेल! मी कधी तापवलं होतं?

तिच्या शाळेत प्रयोग फक्त फळ्यावर झाला होता. मग आम्हीच बसलो, मागच्या पडवीत. जुनी लोखंडी पळी घेतली, मूठभर खडे टाकले आणि शेगडीवर धरली. खडे पांढरे पडण्याऐवजी ओले झाले, चिकटले, पळीला तांबूस थर चढला आणि बुडाशी काळी खरपुडी. कपाळावर हात मारला. मिश्रणात चुना पुरेसा पडला का हे पाहायला आम्ही कोयता बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी. लोखंडावर तांबं चढतं हे रोजच्या कामातलं, आणि मी मोरचूद घेतलं लोखंडातच! काळं झालं ते जास्त तापून. त्या प्रकारात उग्र धूरही निघतो, म्हणून घरात करू नका, आणि भांडं परत स्वयंपाकाला नको. मोरचूद विषारी आहे.

शेजारच्या निवृत्त सरांनी परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि चिनीमातीची मूस दिली. पहिली नळी तडकली, कारण मी ती तोंड वर करून धरली होती. निघालेलं पाणी ओघळून तापलेल्या काचेवर आलं. तोंड किंचित खाली हवं. दुसऱ्या वेळी नळीच्या थंड तोंडाशी स्वच्छ थेंब जमले आणि खडे कडेकडेने पांढरे पडत गेले. कोरड्या दिसणाऱ्या खड्यातून पाणी निघताना पाहून पुतणीपेक्षा मीच जास्त हरखलो.

मग वजनाचं वेड लागलं. मुशीत १० ग्रॅम पूड घेऊन तापवली, झाकण घालून पेठेतल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर नेली. ७.१ ग्रॅम. सरांच्या हिशेबाने ६.४ यायला हवं होतं. पूड तर जवळजवळ पांढरी दिसत होती! सर म्हणाले, "चार गेले, एक राहिला."

खड्यात तांब्याच्या एका अणूमागे पाण्याचे पाच रेणू असतात. चार तांब्याला चहूबाजूंनी बिलगलेले, पाचवा सल्फेटच्या आधाराने. ते चार बरेच आधी निघतात. पाचव्याला दोनशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. निळेपणा त्या चौघांच्या वेढ्याचा. त्या वेढ्यात तांब्याचे इलेक्ट्रॉन लाल-नारिंगी प्रकाश शोषतात आणि उरलेला निळा आपल्याला दिसतो. पाणी गेलं की तांब्याभोवती सल्फेटचे ऑक्सिजन उरतात, त्यांचा प्रभाव कमी पडतो. इलेक्ट्रॉनला वर जायला थोडीच ऊर्जा पुरते, म्हणून शोषण अवरक्तात सरकतं, जे डोळ्यांना दिसत नाही. दिसणारा प्रकाश जवळपास सगळाच परत येतो, म्हणून पांढरं. तांबं तेच, सल्फेट तेच.

पुन्हा तापवून ६.४ आले. म्हणजे किलोभर मोरचूद विकत आणतो त्यात ३६० ग्रॅम पाणीच! दुकानदाराला हे सांगितलं तर तो हसला. शंभर लिटरला एक किलोचं प्रमाण या पाण्यासकट धरलेलं असतं, हे तोवर माझ्याही लक्षात आलं होतं.

पांढऱ्या पुडीवर पुतणीने पाण्याचा थेंब टाकला: चर्र आवाज, जागच्या जागी निळं, आणि मूस हाताला गरम. उरलेली पूड बशीत पसरून खिडकीत ठेवली. बाहेर जुलैचा पाऊस. सकाळी पाहिलं तर कुणी पाणी न घालताही ती फिकट निळी झाली होती. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतं, तिथे ही कशी कोरडी राहणार?

ती पूड दुसऱ्या फवारणीच्या मोरचुदात मिसळून टाकली. मिश्रण झाल्यावर कोयता बुडवला. पातं तांबूस निघालं. चुना वाढवावा लागला.