मुलाच्या गावात हॉटेल

मंगळवार, रात्री साडेअकरा

व्हिसाच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे. निमंत्रण देणाऱ्या व्यक्तीचं आडनाव आणि नाव. त्याच ओळीत पुढे म्हटलंय, लागू नसेल तर हॉटेलचं नाव. ह्यांनी दुपारी तिथे हॉटेलचं नाव लिहिलं. पेन्सिलीने, कारण बुकिंग अजून पक्कं नाही. मी चहा ठेवायला गेले आणि ती ओळ वाचली. तेव्हापासून काही सुधरत नाहीये.

लागू नसेल तर.

त्याच्या वर प्रवासाचं कारण विचारलंय. पर्यटन, व्यवसाय, कुटुंबीयांची किंवा मित्रांची भेट, असं बरंच. ह्यांनी पर्यटनावर खूण केली. एजंटनेच तसं सांगितलंय. भेट म्हटलं की तिकडे व्हिएन्नात मुलाने पोलिसांच्या ऑफिसात जाऊन हमीपत्र करायचं, पगाराचे कागद जोडायचे. त्यापेक्षा टुरिझम टाका, हॉटेलं दाखवा, सोपं पडतं. खोटं काहीच नाही त्यात. खर्च आमचा, राहणार हॉटेलात, आणि व्हिएन्ना-प्राग बघायचंय हेही खरंच आहे. गेली दोन वर्षं हे त्याच गोष्टीसाठी पैसे बाजूला टाकतायत.

तरी मी ती खूण पुन्हा पुन्हा बघतेय.

रविवारी फोनवर तो म्हणाला, "आई, माझ्या घराजवळ चांगली हॉटेलं आहेत. दहा मिनिटांवर. तीन लिंक पाठवतो, तुम्ही ठरवा." मी म्हटलं, बरं. फोन ठेवून गवार मोडायला बसले, तर निम्म्या शेंगा शिरा न काढताच मोडून टाकलेल्या. मग एकेक तुकडा उचलून बघत बसले.

वन्संनी आज विचारलंच. "मुलगा तिथे असताना हॉटेल?" मी म्हटलं, प्रागलाही जायचंय ना, म्हणून सगळं एकत्रच बुक करतोय. त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं मला विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

दादरच्या दोन खोल्यांत सासूबाई, आम्ही तिघं आणि मे महिन्यात वन्संची मुलं. गॅलरीत गाद्या, स्वयंपाकघरात गाद्या, पहाटे दूधवाला आला की कुणाला तरी ओलांडून दार उघडायचं. बार्शीचे काका ऑपरेशनला आले ते दीड महिना राहिले. जवळच लॉज आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही. हे मी त्याला कधी बोलून दाखवणार नाही. बोललं की हिशेब मांडल्यासारखं होतं, आणि मला हिशेब नकोय. मला फक्त त्या रकान्यात त्याचं नाव हवं होतं. आडनाव आधी, मग नाव. शाळेच्या पहिल्या फॉर्मापासून त्याचं नाव मीच लिहीत आलेय.

बुधवार, दुपार

प्रागचं मात्र कसं भराभर ठरलं! तिथे आपलं कुणी नाही, त्यामुळे असेल.

आधी मी जुन्या चौकातलं हॉटेल बघत होते, थेट घड्याळासमोरचं. १४१० सालचं घड्याळ, दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य एकेक करून पुढे सरकतात. पण ते सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत चालतं आणि दर तासाला खाली ही गर्दी जमते. ह्यांची झोप आधीच कावळ्याची. मग नदीपलीकडचं, किल्ल्याच्या पायथ्याचं माला स्ट्राना. फोटो बघून जीव तिथेच अडकला होता, पण सगळे रस्ते दगडी गोट्यांचे आणि चढाचे. ह्यांच्या गुडघ्याचा विचार करून सोडलं. शेवटी विनोह्राडी भागात नामेस्ती मीरूजवळ घेतलं. शांत आहे, झाडं आहेत, आणि २२ नंबरची ट्राम तिथून थेट वर किल्ल्यापाशी जाते. वर उतरायचं, सेंट व्हायटस बघायचं आणि मग उताराने रमतगमत खाली यायचं. त्या चर्चचं काम १३४४ला सुरू झालं आणि १९२९ला संपलं म्हणे. नामेस्ती मीरूचं मेट्रो स्टेशन जमिनीखाली ५३ मीटर आहे. सरकत्या जिन्यावर दोन मिनिटांहून जास्त उभं राहावं लागतं. हे म्हणाले, आपण ट्रामच धरू.

चार्ल्स पुलावर पहाटे जायचं, गर्दीच्या आधी. आणि पिंकास सिनेगॉग. तिथल्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियाच्या ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत, जवळजवळ ७८,०००. हे म्हणाले, सुट्टीत असलं कशाला? मला बघायचंय. इतकी नावं कुणीतरी एकेक करून लिहिली, त्या भिंतीसमोर एकदा उभं राहायचंय. शनिवारी बंद असतं, म्हणून ते शुक्रवारी टाकलं.

तीन रात्री प्राग, पाच रात्री व्हिएन्ना. जास्त रात्री ऑस्ट्रियात, म्हणून व्हिसा ऑस्ट्रियाचा. मधला प्रवास आगगाडीने, चार तासांचा. विमा ३०,००० युरोंचा लागतो, तो काढला.

आता व्हिएन्ना. यादी ह्यांनी केलीय, ती काही वाईट नाही. शोनब्रुन राजवाडा, १,४४१ खोल्या, त्यातल्या चाळीसच्या आसपास बघायला मिळतात. प्राटरचा १८९७चा मोठा पाळणा. स्टेफान्सडोम चर्चच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या मी यादीतून काढल्या आणि उत्तर मनोरा घातला, त्याला लिफ्ट आहे. बेल्व्हेडेअरचं संग्रहालय माझं. क्लिम्टचं ते सोनेरी चुंबनाचं चित्र तिथे आहे. तिकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी त्याने त्या चित्राचं मॅग्नेट आणलं होतं. आमच्या फ्रिजवर असतं, खाली गॅसच्या नंबरची चिठ्ठी. एक कोपरा उडालाय, तिथला पांढरा चुना दिसतो. मूळ चित्र चौरस आहे, १८० सेंटिमीटर बाय १८०. म्हणजे माझ्याहून उंच. आणि बेल्व्हेडेअर त्याच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ!

सगळं त्याच्या घरापासून किती लांब, हेच मी बघतेय की. राजवाडा किती, पाळणा किती.

ह्यांच्या यादीत त्याचं घर नाहीये. मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, ते काय लिहायचं? ते तर आहेच." ह्यांना खरंच काही वाटलेलं नाही. कधीकधी ह्यांचा हेवा वाटतो.

गुरुवार, रात्र

आज त्याचा फोन आला तेव्हा तो जिना चढत होता. व्हिडिओ चालू, हातात सामानाची पिशवी, श्वास लागलेला. तिसरा मजला, तिसरा मजला असं तो तीन वर्षं सांगतोय. मी सहज वळणं मोजत गेले. तळमजला झाला, मग एक मजला आला त्याला होखपार्टेर म्हणतात. त्याच्यावर मेझनीन. आणि मग पहिला! तिकडच्या जुन्या इमारतींत अशीच मोजणी असते म्हणाला. म्हणजे त्याचा तिसरा आपला पाचवा झाला. लिफ्ट नाही. दगडी पायऱ्या, मधोमध झिजून वाटीसारख्या खोलगट झालेल्या.

"रोज चढतोस?"

"मग काय, सवय झाली. बाबांना नाही जमणार गं."

एवढंच म्हणाला आणि कुलूप उघडायला लागला. म्हणजे गुडघ्यासाठी? मग रविवारीच सांगायचं होतं ना, बाबांना चढवणार नाही म्हणून. की त्याला वाटलं, गुडघ्याचं काढलं की हे चिडतील? चिडले असतेच. की खोली लहान आहे म्हणून? दार उघडल्यावर फोन इकडेतिकडे हलला, तेव्हा खुंटीवर सायकलची दोन हेल्मेटं दिसली. एक निळं, एक लहान, पिवळं.

ते असो.

मी काहीच विचारलं नाही. बाजार रविवारीच का नाही उरकलास एवढं म्हटलं, तर म्हणाला, रविवारी इथे दुकानं बंद असतात आई, कितीदा सांगितलं. आज ऑफिसातून येताना व्हिक्टर आडलर बाजारात गेला होता. कोथिंबिरीची जुडी वर धरून दाखवली, टवटवीत होती. तीन वर्षं तो माझ्याशिवाय कोथिंबीर निवडतोय, निगुतीने कागदात गुंडाळून ठेवतोय. मला वाटायचं तो जाऊन राहिलाय. त्याचं तिथे घर झालंय. आणि घर त्याचं आहे, तर कुणाला कुठे उतरवायचं हेही त्यानेच ठरवायचं. हे लिहिताना अजून घशाशी येतंय, पण लिहिलं.

शुक्रवार

पहाटे जाग आली आणि एकदम सुचलं. त्याने पाठवलेली तिन्ही हॉटेलं मी बाजूला ठेवली. पिनकोड ११००च धरला. व्हिएन्नाच्या पिनकोडातले मधले दोन आकडे म्हणजे वॉर्ड, त्याचा दहावा. आणि स्वयंपाकघर असलेल्या जागा शोधल्या. हॉटेलच, पण खोलीत दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रिज. स्टेशनपासून जवळ, लिफ्ट आहे, आणि आपला दुसरा मजला नाही, त्यांचा दुसरा, तेही विचारून घेतलं. दिवसाला हॉटेलपेक्षा थोडे जास्त पडतायत. हे एकदाच "जास्त आहेत" म्हणाले, मग माझ्याकडे बघून कार्ड काढून दिलं.

त्यांना मेल केला, शेगडी इंडक्शन आहे का, कुकर चालेल का. तासाभरात उत्तर आलं, इंडक्शन आहे. म्हणजे इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा तीन लिटरचा न्यायचा. तूप नेता येत नाही, दुधाचं काही तिकडे बाहेरून नेऊ देत नाहीत. ते तो आणेल. गोडा मसाला, आमसुलं, भाजणी, तूरडाळ. चिंच तिथे मिळते म्हणाला होता, तरी नेईनच.

एजंटच्या कव्हर लेटरमध्ये एक ओळ मी स्वतः घातली. आमचा मुलगा व्हिएन्नात नोकरीला आहे आणि या प्रवासात आम्ही त्याला भेटणार आहोत. एजंट म्हणाला, चालेल, उलट बरं. ह्यांनी रकान्यातली पेन्सिल खोडून पेनने नवं नाव लिहिलं. मी शेजारी बसून एकेक अक्षर सांगितलं.

मग त्याला मेसेज केला. सोमवारी पोचतोय. मंगळवारी रात्री आमच्याकडे जेवायला ये. काय करू?

बराच वेळ काही आलं नाही. तो टाइप करतोय असं दिसायचं, परत बंद व्हायचं. मी भांडी घासून आले.

"आमटी-भात. चिंचगुळाची. येऊ आम्ही."

मी ते दोनदा वाचलं. ह्यांना दाखवलं नाही अजून.

बुकिंगचं पान पुन्हा उघडून सामानाची यादी बघितली. ताटल्या चार आहेत.