एकट्याचं पान एकटं मांडायचं नाही

गुहागरच्या खालच्या पाटात, म्हणजे खालच्या वस्तीत, समुद्राच्या अंगाला आमचं घर. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीचं बेडं, म्हणजे फाटक, उघडलं की पुळण, किनाऱ्याची वाळू. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि दापोलीकडची माणसं चिपळूणचा वळसा न घालता, गाडीसकट इकडे उतरू लागली. तोवर आमच्या ओळखीचा पाहुणा म्हणजे व्याडेश्वराला कुलदैवत म्हणून येणारी कुटुंबं. अभिषेक, प्रसादाचं जेवण, की परत. कुणी एकटंच हिंडायला येतं, हे आम्ही पाहिलंच नव्हतं.

डिसेंबर २००४ मध्ये एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, एक बाई खळ्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. चाळिशीच्या, पाठीला सॅक, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांना हेदवीला जायचं होतं, पण शेवटची एसटी गेली होती. लॉजवर त्यांना सांगितलं, एकट्या बाईला खोली देत नाही. दुसऱ्या ठिकाणीही तेच. आमच्याकडे त्यांनी फक्त प्यायला पाणी मागितलं. दोनदा नकार ऐकल्यावर तिसऱ्यांदा जागा मागायला जीभ रेटली नसावी.

सासूबाई ओटीवर सुपारी सोलत बसल्या होत्या. मी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत त्यांचा एकच प्रश्न विचारून झाला होता, "जेवलीस का गो?"

मी धास्तावले होते. घरात पुरुषमाणूस नाही, हे चिपळूणला गेलेले, आणि ही बाई ना ओळखीची ना नात्याची. सासूबाईंना आत नेऊन कुजबुजले, तर म्हणाल्या, "आधी जेवूदे तिला. ओळख मागाहून करू."

कुळथाचं पिठलं, भात, पोह्याचा पापड, ताक. मी त्यांचं एकटीचं पान मांडलं, आम्ही मागाहून बसणार होतो. सासूबाईंनी भिंतीचा पाट ओढला आणि त्यांच्या शेजारी बसल्या. मला म्हणाल्या, "एकट्याचं पान एकटं मांडायचं नाही. घास उतरत नाही." सासरे जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. हे वाक्य त्या कुठून शिकल्या, ते मला त्या क्षणी कळलं.

सकाळी ताईंनी तांब्याखाली दोनशे रुपये ठेवले होते. सासूबाईंनी ते परत त्यांच्या सॅकमध्ये घातले आणि ओटी भरून त्यांना हेदवीच्या गाडीत बसवलं. होळीच्या सुमारास पत्र आलं. ऑफिसातल्या दोघीजणींना यायचं आहे, दोघी वेगवेगळ्या, एकेकट्या. पण पैसे घेणार असाल तरच. घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी दर ठरला, राहणं आणि दोन वेळचं जेवण धरून माणशी दीडशे रुपये. आमचा धंदा त्या पत्राने सुरू झाला.

अडचण होती संडासाची. तो वाडीच्या टोकाला, रात्री बॅटरी घेऊन जायचं. परक्या बाईने पोफळीतून काळोखात चालत जावं, हे मला पटेना. २००६ मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, आतच संडास-न्हाणीघर, दाराला आतून भक्कम अडसर. पहिलं कर्ज फिटायला पाच वर्षं लागली.

भाडं मात्र खोलीवर कधी लावलं नाही, माणशीच ठेवलं. यावरून आम्हा नवरा-बायकोत पुष्कळ वाद झाले. मे महिन्यात चौघांच्या खोलीत एकच माणूस म्हणजे उघड तोटा. मग सुपारीची जुनी कोठी रिकामी केली, खिडकी पाडली, एक कॉट टाकली आणि ती खोली फक्त एकट्यांसाठी राखली. आज हिशेबाच्या वहीत सगळ्यांत जास्त दिवस भरलेली खोली तीच आहे. कारण साधं आहे. कुटुंबं मुलांच्या सुटीत येतात, मे, दिवाळी, नाताळ. एकटी माणसं आडवारी येतात, ऐन पावसाळ्यात येतात, भाद्रपदातही येतात. लॉजवाल्यांनी परत पाठवलेल्या माणसांनी आमचे ओस महिने भरले.

एकदा माझ्या हातून चूक झाली. २०११ च्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले, हातात नुसती कापडी पिशवी, बोलणं जेमतेम. एकटा माणूस जिवाचं काही करून घेईल आणि पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही लॉजवाल्यांची भीती मलाही शिवली. खोली नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, यांना मात्र स्कूटर काढायला लावली. ते गृहस्थ स्टँडवरच्या बाकावर बसलेले सापडले. तीन दिवस राहिले. दिवसभर पुळणीवर पावसात चालायचे, रात्री सासूबाईंशेजारी जेवायचे. कुणी काही विचारलं नाही. जाताना त्यांनी पहिल्यांदाच नीट तोंड उघडलं आणि पिठल्यात आमसूल घालता का, एवढंच विचारलं. मी त्यांना पाव किलो आमसुलं बांधून दिली. माफी मागायची राहून गेली, ती अजून टोचते.

तेव्हापासून नियम पक्का. ओळखपत्र बघायचं, वहीत नोंद करायची, आणि जागा असेल तर एकट्याला नाही म्हणायचं नाही.

सासूबाई २०१८ च्या श्रावणात गेल्या. पहिल्या ताई बातमी कळताच आल्या, एसटीनेच, एकट्या. त्यांचं पान मी मांडलं आणि तोच पाट ओढून शेजारी बसले. दोघींनाही फारसं जेवण गेलं नाही.

आता खोल्या चार आहेत आणि बुकिंग मुलगा बघतो. गेल्या वर्षी त्याने एका संकेतस्थळावर आमची नोंद केली. अर्जात एक रकाना होता, कमीत कमी किती पाहुणे. मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगणार, एवढ्यात त्याने 'एक' लिहून पुढचं पान उघडलंही होतं.