बीसीएन टेप लॉग: संपाची कॅसेट संपाची नाहीच निघाली

मंडळी, आधी माफी. मागच्या अपडेटमध्ये मी छाती ठोकून सांगितलं होतं की माझ्या संग्रहातली सात नंबरची कॅसेट म्हणजे बोस्टनच्या डब्ल्यूबीसीएन (बीसीएन) या रेडिओ स्टेशनचं १९७९च्या संपातलं रेकॉर्डिंग आहे. तर नाहीये. आणि हे कळायला तीन वीकेंड गेले, तेही मीच घातलेल्या घोळामुळे.

संपाचं एवढं कौतुक का ते तुम्हाला माहितीच आहे. हेमिस्फिअर नावाच्या कंपनीने स्टेशन ताब्यात घेतलं, १६ फेब्रुवारीला १९ जणांना काढलं, त्यावर अख्खा स्टाफ बाहेर पडला, जाहिरातदार पाठ फिरवायला लागले, श्रोते संपवाल्यांच्या बाजूने, आणि १२ मार्चला कंपनीला सगळ्यांना परत घ्यावं लागलं. जेमतेम साडेतीन आठवडे. त्यातलं माझ्याकडे एक मिनिटसुद्धा नाही, म्हणून सात नंबरवर एवढा जीव अडकला होता.

कॅसेटवर पेनाने फक्त ‘बीसीएन, फेब ७९’ लिहिलंय. मित्राचे काका तिकडे शिकायला होते, त्यांनी तिथे टेप केलेलं, मग नव्वदीच्या सुरुवातीला घरी दुसऱ्या कॅसेटवर डब केलं. मूळ कॅसेट गेली, डब राहिला. त्यात एक जाहिरात आहे, ‘येत्या सोमवारी, १९ तारखेला’ वॉशिंग्टन्स बर्थडेचा सेल. म्हणजे आठवडा पक्का, १२ ते १८. पण निवेदकाचा आवाज ओळखीचा नव्हता. जड, थोडा झोपाळू. माझ्याकडच्या इतर टेपवरच्या कुणाशीच जुळेना. मग मी जोडलं दोन आणि दोन: अनोळखी आवाज म्हणजे संपात बाहेरून आणून बसवलेला माणूस, म्हणजे १६च्या नंतर. झालं, अपडेट टाकून मोकळा.

आता घोळ कुठे ते सांगतो. डिजिटाइझ केल्यावर मी स्पीड दुरुस्त केला होता, विजेच्या हमवरून, म्हणजे वीजपुरवठ्याची जी गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये बसते तिच्यावरून. ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे त्याचा आलेख) काढला, ५१.५ हर्ट्झला जाडजूड डोंगर दिसला, म्हटलं डब इथे झालाय, इथली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे टेप ३ टक्के जोरात पळतेय. ३ टक्के कमी केला. गाणी पाव सूर खाली वाटत होती हे मलाही ऐकू येत होतं, तुमच्यापैकी दोघांनी तेव्हा म्हटलंही होतं, पण मी म्हटलं त्या काळी काही स्टेशनं गाणी मुद्दाम जरा वेगात वाजवायची, तेव्हा गाण्यांवर काय विश्वास ठेवायचा, हम खोटं बोलत नाही! (हे वाक्य मीच लिहिलं होतं. हसून घ्या.)

परवा सहज फाइल १००० हर्ट्झ सॅम्पल रेटवर आणली आणि विंडो (एका वेळी मोजायचे सॅम्पल) ६५५३६ ठेवली. आधी ४४१०० वर १६३८४ घेतली होती, त्यात आलेखाचा एकेक खाना २.७ हर्ट्झचा, त्यात काय कप्पाळ वेगळं दिसणार. आता खाना ०.०१५ चा झाला आणि त्या डोंगराच्या जागी दोन सुया. एक बरोब्बर ५०.०० वर, दुसरी ५१.५ च्या आसपास. आणि लांब तिसरी, बारीक, ६०.०५ वर, जिला मी बेस गिटारचा कचरा समजून सोडून दिलं होतं.

५०.०० वाली माझ्याच घरची, लॅपटॉपचा चार्जर काढून परत कॅप्चर केलं तर गायब. ६०.०५ म्हणजे अमेरिकेची वीज, तिथे ती ६० हर्ट्झची, बोस्टनमध्येच टेपवर बसलेली. म्हणजे ओरिजिनल फाइलचा स्पीड जवळपास बरोबर होता, मी हात लावायच्या आधी!

मग ५१.५ काय? इथे मी अर्धा दिवस डोकं धरून बसलो. आधी वाटलं दोन डेकच्या चुका एकमेकींना खाऊन टाकताहेत, मूळ रेकॉर्डिंग एका बाजूला चुकलंय आणि माझा डेक दुसऱ्या बाजूला. पण मग पूर्ण ४५ मिनिटांची साइड तुकड्यातुकड्याने बघितली. ६०.०५ ची सुई जागची हलत नाही, आणि ५१.५ ची मात्र ५१.३ ते ५१.६ अशी फिरतेय. टेपचा स्पीड हलत असता तर दोघी बरोबर हलल्या असत्या ना. एकटीच हलतेय म्हणजे टेप शहाणी आहे, वीजच हलत होती. नव्वदीत आपल्याकडे ग्रिडची फ्रिक्वेन्सी कधी ४८ च्या घरात तर कधी ५२ च्या जवळ जायची, पश्चिम विभागात २००२ ला एबीटी (फ्रिक्वेन्सी बिघडवणाऱ्यांना भुर्दंड लावणारी वीजदराची पद्धत) आल्यावर ती ताळ्यावर आली. काकांनी बहुतेक रात्री उशिरा डब केलं असणार, लोड कमी, फ्रिक्वेन्सी वर. आणि मी त्या विजेला प्रमाण मानून बोस्टनच्या माणसाचा आवाज जड केला.

हात न लावलेली फाइल परत ऐकली. पहिल्या वाक्यालाच कळलं, हा तर आपल्या चार आणि नऊ नंबरच्या टेपवरचा रात्रीचा नेहमीचा गडी! म्हणजे तो कामावर होता, म्हणजे रेकॉर्डिंग संपाच्या आधीचं. चारेक दिवस आधीचं फार तर. वाईट वाटलं, पण ऐकायला आता वेगळीच मजा येतेय, गडी निवांत विनोद करतोय आणि आठवडा संपायच्या आत सगळे रस्त्यावर.

१९ किलोहर्ट्झच्या पायलटवरून (एफएम स्टीरिओसोबत स्टेशन पाठवतं तो ठरावीक सूर) स्पीड काढ म्हणणाऱ्यांना: कॅसेटवर तो नाही मिळत हो, डेकमधला एमपीएक्स फिल्टर तो कापतो, उरलंसुरलं टेप खाते. रीलवर कदाचित.

एक चांगली गोष्ट. अझिमथचा स्क्रू (डेकच्या हेडचा टेपशी कोन ठरवणारा) या टेपसाठी परत सेट केला, पाव फेरीपेक्षाही कमी, आणि ट्रेबल असा उघडला की स्टुडिओत रेकॉर्डवर सुई टेकल्याची खरखर ऐकू येते, गाण्याच्या आधी सेकंदभर. मी ती सहा वेळा ऐकली असेल. डेकचा बेल्ट मात्र ऑनलाइन मागवू नका, मला दोनदा ढिला आला, व्यास मोजून, डेक हातात घेऊन दुकानात जा.

पुढच्या वेळी १९६८ घेणार होतो, १५ मार्चची रात्र, क्लासिकल वाजवणारं स्टेशन रॉककडे वळलं तो भाग. टाइमलाइनचा तो कप्पा अजून रिकामाच आहे. पण हे लिहिताना डोक्यात आलं: ६०.०५ वाली सुई एवढी स्थिर असेल तर जिथे काकांनी पॉजचं बटण दाबलं तिथे तिचा फेज (लाटेची सलग लय) उडी मारेल. म्हणजे जाहिराती कुठे कापल्या, कुठे रात्र बदलली, ते दिसेल. सात नंबर एकाच रात्रीची आहे हे मी गृहीतच धरलंय की! दुसऱ्या साइडला तर कुठे तारीखच नाही. ६८ थांबेल. आधी साइड बी.