भुलाबाईच्या चालीवर म्युझिक व्हिडिओ : वावरातलं शूटिंग, लिप-सिंक आणि एडिटिंग (माझा अनुभव)

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत नववी ते बारावीची पोरं-पोरी मिळून गाण्याचा व्हिडिओ करतात. साहित्य म्हणजे दोन-तीन फोन, एक स्पीकर, एक ट्रायपॉड आणि लॅबमधला 8 जीबी रॅमचा कॉम्प्युटर. एवढ्यात बघण्यासारखं काम होतं, पण गाणं पक्कं झाल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही ही अट पाळावी लागते. शूटिंग झाल्यावर गाण्यात अर्ध्या सेकंदाचा जरी बदल केला तरी त्यापुढचे सगळे ओठ सरकतात.

गाणं निवडताना भुलाबाईची (विदर्भातला पोरींच्या गाण्यांचा सण) चाल फार सोयीची पडते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी ती म्हणतच असतात, त्यामुळे कोरसला तालीम लागत नाही. शब्द आम्ही नवे लिहितो. पारंपरिक चाल कोणाच्या मालकीची नसते, पण तिचं कुणी केलेलं रेकॉर्डिंग असतं, आणि भारतीय कायद्यात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर 60 वर्षं हक्क राहतो. म्हणून नेटवरून उतरवलेला कराओके ट्रॅक वापरायचाच नाही, संगीतही आपलंच. ढोलकी, खंजिरी, टाळ्या आणि गावात असेल तर भजनी मंडळाची पेटी, एवढं पुरे.

लय 100 ठेवली तर पुढचा हिशोब सोपा होतो. मिनिटाला 100 मात्रा म्हणजे एक मात्रा 0.6 सेकंदाची, आणि सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 30 चित्रं असलेल्या व्हिडिओत ती बरोबर 18 फ्रेमची येते. केहरवा तालाचं आठ मात्रांचं एक आवर्तन 144 फ्रेमचं. लय 97 किंवा 103 असली की मात्रा अर्ध्या-पाव फ्रेमवर पडते आणि एडिटिंग करणाऱ्याला प्रत्येक कट अंदाजाने बसवावा लागतो.

आवाज रेकॉर्ड करायला कापूस भरलेली खोली शोधावी. वेचणीनंतर बाजारभावाची वाट बघत घराघरात कापूस साठवलेला असतो, आणि त्या खोलीत टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे विरते. मोकळ्या वर्गखोलीत सिमेंटच्या भिंतींवरून येणारा घुमारा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. कापसाच्या खोलीत दिवा, उदबत्ती, एक्स्टेंशन बोर्डाचा लोंबता जोड काहीही नको. फोन बॅटरीवरच चालवायचे. माइक तोंडापासून एक वीत अंतरावर आणि थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना फुंकर थेट बसत नाही. मधे भरतकामाच्या रिंगवर ताणलेली जुनी ओढणी. रेकॉर्डिंगची लेव्हल -12 ते -6 डेसिबलमध्ये. खंजिरी मात्र माइकपासून पाच-सहा फूट लांब, कारण तिच्या चकत्यांचा आवाज जवळून हमखास फाटतो. क्लिक (लयीची टिक-टिक) गायिकेच्या कानात वायरच्या हेडफोनवर द्यावी. लाईन (वीज) आली की आजूबाजूच्या विहिरींवरचे पंप सुरू होतात, म्हणून गावच्या वेळापत्रकात लाईन नसेल ती वेळ रेकॉर्डिंगची.

मिक्स झालं, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवले की 48 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल काढून तिच्या नावात ‘पक्कं’ लिहितो. तिच्या सुरुवातीला चार टिक जोडून शूटिंगसाठी दुसरी फाइल बनते. गाणारी पोरगी टिक ऐकून श्वास घेते आणि पहिला शब्द वेळेवर उचलते.

आता लिप-सिंक, म्हणजे ओठ गाण्याशी जुळवणं. विद्यार्थ्यांचे बहुतेक व्हिडिओ इथेच कच्चे दिसतात, आणि चेहरा जवळून दाखवला की दोन-तीन फ्रेमची चूकही खटकते. वावरात गाणं स्पीकरवर वाजतं, पोरगी त्याबरोबर मोठ्याने गाते (नुसते ओठ हलवले तर गळा हलत नाही आणि खोटेपणा दिसतो), आणि फोन स्पीकरचा आवाजही टिपतो. एडिटिंगमध्ये तो आवाज पक्क्या फाइलशी जुळवायचा. मात्र आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात फक्त साडेअकरा मीटर. स्पीकर पोरीजवळ आणि फोन 35 मीटरवरच्या धुऱ्यावर असेल तर आवाज फोनपर्यंत तीन फ्रेम उशिरा पोहोचतो, चित्र मात्र लगेच. सॉफ्टवेअरने आवाजाच्या लाटा जुळवल्या की ओठ गाण्याच्या तीन फ्रेम पुढे धावतात. अशी क्लिप तीन फ्रेम मागे, म्हणजे टाइमलाइनवर उजवीकडे सरकवायची. स्पीकर कॅमेऱ्याजवळ ठेवला तर उलटं होतं : पोरीलाच गाणं उशिरा ऐकू येतं आणि ओठ मागे पडतात. म्हणून स्पीकर नेहमी गाणाऱ्याच्या पायाशी, पिकाच्या आड, आणि नोंदवहीत अंतर पावलांत लिहायचं. पंधरा पावलांना एक फ्रेम हा हिशोब पोरांना पाठ असतो. ब्लूटूथचा उशीर इथे आड येत नाही, कारण गाणारी आणि फोन दोघंही स्पीकरमधून निघालेलाच आवाज ऐकतात. फक्त दोन स्पीकर, एक वायरवर आणि एक ब्लूटूथवर, एकत्र लावू नयेत. दोन्हींतला फरक ऐकून गायिका गडबडते.

प्रत्येक जागी पूर्ण गाणं तीनदा घ्यायचं : लांबून, कमरेपासून वर आणि चेहरा. त्यानंतर तुकडे : बोंडावरची बोटं, खंजिरीवरचा अंगठा, पांदणीतून जाणारी बंडी. तुकडे जेवढे जास्त, तेवढं एडिटिंग सुटसुटीत, कारण सिंक बिघडलेल्या जागी तेच झाकण म्हणून कामी येतात. संथ ओळीसाठी स्लो मोशन हवं असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवून 60 फ्रेमवर शूट करावं आणि निम्म्या वेगाने लावावं, ओठ जुळतात. वेग वाढवूनही सूर तोच ठेवायचं काम ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. भराभर शब्दांच्या ओळीला हे जमत नाही, दुप्पट वेगात तोंड फिरत नाही.

कपाशीचं पांढरं वावर फोनला फसवतं. फोन ते फार उजेडाचं समजून चित्र अंधारतो आणि चेहरे काळवंडतात. चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि फोकस लॉक करावा. व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा ठरवणारी सेटिंग) तिन्ही फोनवर 5500 केल्विनच्या आसपास सारखाच बांधावा, नाहीतर एका कटला वावर पिवळं आणि पुढच्याला निळं. खोलीत ट्यूबलाइटखाली शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवावं. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्यावरचा दिवा सेकंदाला 100 वेळा मिणमिणतो, 1/60 ला चित्रावर पट्टे सरकतात. बारीक चौकड्याचे कपडे टाळावेत, ते पडद्यावर थरथरतात. भर दुपारी शूटिंग नकोच. डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि उन्हात फोन तापून रेकॉर्डिंग बंद पडतं. सकाळी साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर उजेड चांगला. मधल्या वेळी घ्यावंच लागलं तर दोन बांबूंना ताणलेली पांढरी चादर डोक्यावर धरावी.

वावराच्या मालकाला दोन गोष्टी आधीच विचारायच्या : वेचणी कधी आणि फवारणी कधी. वेचणी झालेलं वावर दुसऱ्या दिवशी वेगळंच दिसतं, अर्धं गाणं पांढऱ्यात आणि अर्धं हिरव्यात होऊन बसतं. फवारणी झालेल्या वावरात तर पोरांना नेऊच नये. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले आहेत. व्हिडिओसाठी ही जोखीम घ्यायची नाही.

क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवल्या की दर्जा जातो, केबलने उतरवाव्यात. फोनचा फ्रेमरेट पुष्कळदा कमी-जास्त होत राहतो आणि त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ तिसऱ्या मिनिटाला सुटतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट 30 वर स्थिर करून घेतला की हा त्रास जातो. एडिटिंगचं शॉटकट सॉफ्टवेअर मोफत आहे आणि प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या क्लिपांच्या हलक्या प्रती) लावली तर साध्या मशीनवर चालतं.

पहिली जुळणी झाली की सुधारणेला क्रम लागतो. आधी फक्त सिंक, मग शॉटची लांबी, सगळ्यात शेवटी रंग. रंग आधी केला की कापून टाकायच्या शॉटवरही पोरं तास घालवतात आणि मग तो शॉट टाकायला मन होत नाही. टीमने एकदा आवाज बंद करून बघायचं : कंटाळा आला ती जागा प्रत्येकाने वेळेसकट लिहायची. ‘छान’ किंवा ‘जमलं नाही’ असा शेरा चालत नाही, ‘1:14, ओठ पुढे’ किंवा ‘2:03, तोच शॉट पुन्हा’ असं हवं. तिघांनी एकच वेळ लिहिली तर ती जागा वाद न घालता बदलायची, एकट्यानेच लिहिली तर एडिटिंग करणाऱ्याने ठरवायचं. कट मात्रेवर बरोबर बसवण्यापेक्षा एक-दोन फ्रेम आधी ठेवला तर डोळ्याला जास्त तालात वाटतो. प्रत्येक मात्रेवर कट मात्र नको. धृपदात चार मात्रांना एक आणि कडव्यात आवर्तनाला एक, एवढ्यात गाणं श्वास घेतं.

शेवटची फाइल 1080 ची, 10-12 एमबीपीएसवर (सेकंदाला मेगाबिट). आवाजाची सरासरी -14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) जवळ ठेवावी, कारण यूट्यूब जास्त मोठा आवाज आपणहून खाली आणतं. पोरं अठराच्या आतली असल्याने व्हिडिओ टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी. गावात कोजागिरीला पडद्यावर दाखवायचा असेल तर एक्स्पोर्ट करण्याआधी मिक्स मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून ऐकावं. मंडपातल्या भोंग्यांवर तसंच होतं, आणि रुंद वाटावा म्हणून एका बाजूला फेज (आवाजाची लाट) उलटवून पसरवलेला कोरस तिथे चक्क गायब होतो. कोरस गायब झाला तर तो मधोमध आणायचा आणि रुंदी फक्त टाळ्यांना ठेवायची.