ब्रश अपडेट: फेस उभा राहिला, बॅजर रद्द, आणि सात सुताचं भोक

मंडळी, फेस उभा राहिला! आज सकाळी, आणि तोही त्याच ८० रुपयांच्या डुकरी, म्हणजे डुकराच्या केसांच्या दाढीच्या ब्रशनं, जो मागच्या वेळी मी कपाटावर टाकून दिला म्हणून लिहिलं होतं. दोन पास झाले, म्हणजे रेझर दोनदा फिरवून झाला, तिसऱ्या टचअपपर्यंत वाटीत फेस दह्यासारखा घट्ट. (बोअर ब्रशला डुकरी म्हणतोय कारण पुढं सगळं बोअरच्या पाण्याचंच आहे, घोळ नको.)

तीन आठवडे काय चाललं होतं ते तुम्हाला माहितीच आहे. ब्रश भिजवायचा, साबणावर अर्धा मिनिट फिरवायचा, वाटीत घोटायचा, डाव्या गालाला लावेपर्यंत सगळं छान आणि उजव्या गालाला पोचेपर्यंत मोठेमोठे बुडबुडे होऊन पाणी गळ्यावरून बनियनमध्ये. मी ब्रशलाच धरून बसलो होतो. डुकराच्या केसाला ब्रेक-इन लागतं, १५-२० शेव्हनंतर टोकं दुभंगतात मग मऊ पडतो, हे आपण एकमेकांना सांगतच असतो, म्हणून शेव्ह नसलेल्या दिवशीही नुसता तळहातावर घोटायचो. शेडिंग, म्हणजे केस गळणं, पहिल्या आठवड्यात रोज पाच-सहा केस, मग बंद. टोकं पण दुभंगली, उन्हात धरून बघितलं, केसाच्या शेंड्याला बारीक दोन फाटे स्पष्ट दिसतात. तरी फेस मरतोच! शेवटी मित्राचा २४ चा (केसांचा झुपका बुडाशी २४ मिलिमीटर जाड) टक्सेडो सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम केसांचा ब्रश, आणला तर त्याचीही तीच गत. तिथं डोक्यात किडा वळवळला की दोन वेगळ्या जातीचे ब्रश, एकच खोड कशी काढतील.

आणि हे कोडं सोडवलं आमच्या आईनं. मी वाटी घेऊन मोरीत चिडचिड करतोय तर स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे ह्या पाण्यात तुरीची डाळ शिजंना, तुझा साबण काय फेसणार?"

आमच्या लातूरला पाण्याचं दुःख नवीन नाही, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही बघितलंय. पण तेव्हापासून आमचं सगळं लक्ष पाणी आहे का नाही ह्यावरच, पाणी कसलं आहे ते कोण बघतंय. आमच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, नळाच्या तोटीला मिठासारखी खरपुडी, आणि मी साबणाला अन् ब्रशला शिव्या देतोय.

लगेच बाटली टेस्ट केली. तीन रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीत अर्धा कप पाणी, एकीत बोअरचं, दुसरीत तेच उकळून गार करून फडक्यातून गाळलेलं, तिसरीत जारचं. तिन्हीत करंगळीच्या नखाएवढा साबण, २० वेळा हलवल्या. जारच्या पाण्यावर चार बोटं फेस, दहा मिनिटांनी पण तसाच. उकळलेल्यावर दीड बोट. बोअरच्या पाण्यात फेस नाहीच म्हटलं तरी चालेल, वर पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला आधीच पकडतं आणि त्याचा चोथा करतं, ते सगळं भागल्यावर उरलेल्या साबणाचा फेस होणार. उकळल्यावर त्यातले थोडे क्षार खाली बसतात म्हणून मधली बाटली अर्धवट पास झाली.

मग अंगात आलं आणि बोअरच्याच पाण्यात लिंबूसत टाकून बघितलं, कुठंतरी वाचलं होतं. चिमूट ऐवजी पाव चमचा पडलं. साबण अक्षरशः नासला, नासलेल्या दुधासारखा पाणी वेगळं चोथा वेगळा. आंबट जास्त झालं की साबण साबणच राहत नाही, त्यामुळं ते वजन काट्यावर मोजल्याशिवाय कुणी करू नका. त्यापेक्षा अर्धा ग्लास जारचं पाणी घेणं सोपं, ब्रश भिजवायला आणि घोटायला तेवढं पुरतं, तोंड धुवायला खुशाल बोअरचं.

डुकरी ब्रशच्या केसात मात्र आधीचा चोथा बसला होता, हात लावला की करकर लागायचं. एक कप पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर, पाच मिनिटं, फक्त केस बुडवायचे, हॅन्डलचा जोड वर ठेवायचा, मग साध्या पाण्यानं दोनदा धुवायचा. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर केस फुलून जो ब्लूम आला तो दुकानातून आणल्यावर पण नव्हता.

त्यामुळं बॅजरसाठी, म्हणजे बॅजर ह्या प्राण्याच्या केसांच्या महागड्या ब्रशसाठी, पैसे साठवतोय म्हणालो होतो ते रद्द. माझं स्पष्ट मत झालंय की हजाराच्या आतलं प्युअर बॅजर घेऊच नये, गालाला टोचतं आणि पाठीत, म्हणजे केसांच्या ताठपणात, दम नसतो, त्याच पैशात चांगला सिंथेटिक येतो आणि डुकरी एक वरून येतो. सिंथेटिकचे केस पाणी पीत नाहीत, भिजवायची भानगड नाही, जारचं पाणी पण कमी लागतं, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतो. आमच्याकडं तोच फायद्याचा.

फक्त मित्राचा २४ माझ्या तोंडाला मोठा होतो, नाकाखाली फेस नाकात जातो. म्हणून २२ चा सुटा नॉट, म्हणजे हॅन्डलशिवाय नुसता केसांचा झुपका, मागवला. एका ऑनलाइन विक्रेत्यानं २२ म्हणून पाठवला तो व्हर्नियरवर २०.४ भरला, परत केला, दुसऱ्याकडचा बरोबर २२ आला, एकूण उंची ६३. नॉट आल्यावर मोजूनच घ्या.

हॅन्डलसाठी गंजगोलाईच्या बाजारात १६ रस्ते पालथे घालायची गरज पडली नाही, एका बोळात लाटणी-पोळपाट करणारे कातारी मामा सापडले. मी म्हणालो २२ मिलिमीटरचं भोक पाहिजे. मामा म्हणाले, "मिलिमीटर नगं सांगू, सूत सांग." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सात सूत म्हणजे २२.२ मिलिमीटर, नॉट सैलसर बसतो, डिंकाला जागा राहते, ह्याच्याहून चांगलं माप मागूनही मिळालं नसतं. लाकूड बाभळीचं, लाटण्याच्याच तुकड्याचं, ६० रुपये. भोक ११ मिलिमीटर खोल पाडलंय म्हणजे लॉफ्ट, भोकाच्या वर राहणारी केसांची उंची, ५२ येईल.

आता हे लिहिता लिहिता वाटतंय ५० बरं पडेल, फेस लॅदरिंगला, म्हणजे वाटीऐवजी थेट तोंडावर घोटायला, पाठ जरा कडक हवी. उद्या मामांकडं जाऊन भोक आणखी ३ मिलिमीटर खोल करून घेतो, ४९ येईल, भोक जास्त खोल वाटलं तर खाली वॉशर घालून वर उचलता येतो. तोवर अॅरल्डाइट लावत नाही. जवसाच्या तेलाचा पहिला हात कालच दिलाय, अजून बोटाला चिकटतंय.