पुण्यात राहून गावात जाणारी माणसं

मी ज्यांना मराठी शिकवते ती सगळी नोकरदार माणसं. कुणी बँकेत, कुणी विमा कंपनीत, बदली होऊन महाराष्ट्रात आलेली. शब्दसंग्रहाच्या पुस्तकात त्यांना 'गाव' आणि 'खेडं' यांचा एकच अर्थ मिळतो. मग कोथरूडच्या घरमालकीणबाई "जरा गावात जाऊन येते" म्हणून लक्ष्मी रोडला जातात आणि वर्गात प्रश्न येतो, "मॅडम, गाव म्हणजे खेडंच ना? मग पुण्यात खेडं कुठून आलं?" इतक्यांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

'खेडं' म्हणताना आपण वस्तीकडे बघतो: लहान आहे, शेतीवर चालते, एसटी दिवसातून दोनदा येते. 'गाव' म्हणताना आपण कुठले आणि आत्ता कुठे उभे आहोत, एवढंच सांगतो. त्यामुळे मुंबईत गिरगाव, माझगाव, गोरेगाव सुखाने नांदतात आणि कुणी त्यांना खेडं म्हणत नाही. कोथरूड पुण्यात आलं त्यालाही बराच काळ लोटला, पण तिथल्या फ्लॅटच्या कागदावर अजून 'मौजे कोथरूड, तालुका हवेली' असंच असतं. बाईंचं 'गावात' मात्र त्या मौज्यात नव्हे. पेठांचं जुनं पुणे म्हणजे त्यांचं गाव, आणि त्या कडेला राहतात म्हणून 'गावात' जातात. नाशिककरही जुन्या नाशकाबद्दल असंच बोलतात.

खरी मजा शेवटच्या अक्षरात आहे. 'गावात गेलाय' म्हणजे इथेच, बाजारपेठेकडे, तासाभरात येईल. 'गावाला गेलाय' म्हणजे आपल्या मूळ गावी, आता आठवडाभर तरी वाट बघू नका. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईतली निम्मी कामं याच वाक्यावर अडतात. 'गावी' म्हटलं तरी तेच, फक्त जरा पत्रातलं वाटतं. आणि 'बाहेरगावी' म्हटलं की कुठलंही गाव चालतं. साताऱ्याच्या दवाखान्यावर 'डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत' अशी पाटी असेल तर डॉक्टर दिल्लीतही असू शकतात. विद्यार्थी हे चार प्रकार एकाच वाक्यात घालून बघतात: "साहेब गावात गेलेत", "साहेब गावाला गेलेत". पहिल्यावर पार्टी बाकड्यावर बसून राहते, दुसऱ्यावर उठून घरी जाते.

तिसरी गंमत म्हणजे ज्यात वस्तीचा काही संबंधच नाही अशी वाक्यं. "हे माझ्या गावीही नव्हतं" म्हणजे याची मला कल्पनाच नव्हती. "तो त्या गावचाच नसल्यासारखा बसला होता" म्हणजे सगळं करून सवरून हात झटकून मोकळा. इथे 'गाव'च्या जागी 'खेडं' घालून बघा, वाक्य कोसळतं.

'खेडं' चालवायला तसं सोपं: खेडं, खेड्यात, खेड्याला, अनेकवचन खेडी. एकच खड्डा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात खेड नावाचं गाव आहे आणि पुणे जिल्ह्यात खेड तालुका. तेव्हा 'खेडला गेलो' आणि 'खेड्यात गेलो' यांत चांगलाच फरक पडतो. पण खेड्यात राहणारा माणूस स्वतः हा शब्द क्वचितच पुढे करतो. तो म्हणेल, "आमचं गाव लहान आहे, खेडंच म्हणा ना." हे त्याने म्हणावं. तुम्ही काउंटरवरून "तुमचं खेडं कोणतं?" विचारलंत तर समोरचा पासबुक उचलून घेईल. "गाव कोणतं तुमचं?" हा प्रश्न कुणालाही विचारता येतो, दादरला जन्मलेल्यालाही, आणि तो बिनदिक्कत "चिपळूण" म्हणेल, मग तिथलं घर कधीचं पडलेलं का असेना. (या प्रश्नाच्या आडून कधी कधी जात काढली जाते, तेही ठाऊक असू द्या. गाव, मग आडनाव, मग 'म्हणजे तुम्ही कोण?' अशी ती वाट असते. तुम्ही गावापाशीच थांबा.)

'ग्रामीण' हा शब्द माझे विद्यार्थी सगळ्यांत आधी शिकून येतात आणि सगळीकडे वापरतात. बोलताना तो टाळाच. "मी ग्रामीण भागातून आलोय" हे वाक्य माणूस मुलाखतीत किंवा भाषणात म्हणतो, पारावर नाही. तो कचेरीचा शब्द आहे आणि कचेरीची गणितं वेगळी. 2011च्या जनगणनेत नगरपालिका, महानगरपालिका किंवा छावणी मंडळ नसलेली वस्ती शहरी ठरायला तीन अटी होत्या: लोकसंख्या किमान 5,000, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं. यात न बसणारं सगळं ग्रामीण. त्या हिशेबाने महाराष्ट्रातले शंभरातले सुमारे पंचावन्न लोक ग्रामीण निघाले. त्यांतल्या कितीजणांनी तो शब्द स्वतःसाठी तोंडी वापरला असेल, देव जाणे. आणि 'ग्रामीण रुग्णालय' बघायला खेड्यात जाऊ नका. ते बहुधा तालुक्याच्या किंवा मोठ्या बाजाराच्या गावी असतं. खेड्यात सापडलं तर उपकेंद्र सापडेल.

वाडी, वस्ती, पाडा, तांडा हे शब्द ऐकाल तिथे ऐकाल तसेच वापरा, स्वतःहून बदलू नका. पाडा आदिवासींचा, तांडा बंजारा समाजाचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. वस्त्यांना जातीची नावं असायची. ती बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020मध्ये घेतला. जुनं नाव कानावर पडलं तरी तुमच्या तोंडून ते येऊ नये.

आता 'गावठी'. वर्तमानपत्राच्या गुन्हेगारीच्या पानावर गावठी कट्टा आणि गावठी दारू, दोन्ही जप्त. मंडईत गावठी अंडी, गावठी कोथिंबीर, गावठी कोंबडी, आणि भाव विचारला की विक्रेती आधी आपल्याकडे बघते, मग सांगते. वस्तूला लागला की हा शब्द भाव चढवतो, माणसाला लागला की माणूस उतरवतो. 'खेडवळ' आणि 'गावंढळ' यांना तर मंडईतही गिऱ्हाईक नाही, ते सरळ शिव्याच आहेत. शब्द समजले पाहिजेत म्हणून मी ते वर्गात सांगते, वहीत लिहू देत नाही.

राहता राहिलं 'आमचा गाव' की 'आमचं गाव'. दोन्ही बरोबर. गाव मराठीत पुल्लिंगीही आहे आणि नपुंसकलिंगीही. ज्यांच्यात राहता ते जसं म्हणतात तसं म्हणा, फक्त "आमचा गाव छान आहे, पण ते लांब आहे" असं मधेच घोडं बदलू नका.