मुखपृष्ठावरची सावळी बाई सावळीच छापून घेताना : माझा अनुभव

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ सुचतं, संपादकांना पटवताही येतं. घोडं अडतं ते छापखान्यात, प्लेट निघायच्या आधी. परभणीच्या आमच्या अंकासाठी मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरणाऱ्या बाईचं मुखपृष्ठ केलं तेव्हा निम्मी ताकद तिथंच खर्ची पडली. त्यामुळे बाकीचं थोडक्यात सांगते.

१९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंकाची वाट पाडली. पुढे दलाल, मुळगावकरांच्या कुंचल्यातून देखण्या स्त्रिया मुखपृष्ठावर आल्या. त्या चित्रांवर माझं प्रेम आहे. पण आजही त्यांचीच नक्कल करत पणती धरलेली, मान कललेली बाई छापायची, हे मला पटत नाही. आपल्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात, उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. कामाच्या हिशेबात जिला वेगळी जागा नाही, ती मुखपृष्ठावर तरी काम करताना दिसावी, एवढा साधा आग्रह होता.

फोटो काढताना आधी हात बघा. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात जाहिरातींचा अभ्यास करून दाखवलं होतं, की पुरुषाचा हात वस्तू पकडतो आणि बाईची बोटं वस्तूला नुसती स्पर्श करतात. आपल्या मुखपृष्ठांवर हेच चालतं. ट्रॅक्टरवर बाई बसवली तरी तिची बोटं स्टेअरिंगवर अलगद ठेवलेली असतात. आमच्या फोटोत ती पंपाच्या मोटारीच्या स्टेटरमध्ये (न फिरणाऱ्या भागात) तांब्याची तार बसवत होती आणि अंगठ्याचा दाब नखाच्या पांढुरक्या कडेवर दिसत होता. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, वरून घेतला नाही. अ‍ॅपर्चर ५.६, म्हणजे चेहरा आणि हात दोन्ही स्पष्ट येतात. नवी साडी नेसायला लावू नका, हसायला सांगू नका. नजर कामावर असू द्या.

आता छापखाना. तिकडून ‘ओपन फाइल पाठवा’, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाइल पाठवा, असा निरोप आला आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ. त्यात बाईचा चेहरा उजळलेला, गालावरचा ग्रीसचा डाग पुसलेला, नखांतला काळा मळ साफ केलेला. तांब्याची तार पिवळट पडलेली. हात मात्र होते तसेच सावळे. म्हणजे तोंड एका बाईचं, हात दुसरीचे. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘ताई, चेहरा अंधारा आला तर लोक आम्हालाच नावं ठेवतात. थोडा क्लीन केला.’ परत पाठवलं, परत उजळूनच आलं. ग्रीसचा डाग म्हणजे तिच्या कामाची खूण, तो काढला तर मुखपृष्ठाचं कारणच संपतं, हे फोनवर कितीही समजावलं तरी उपयोग होईना. अजूनही आठवलं की चिडचिड होते.

पण त्या भीतीमागे तांत्रिक कारण खरं आहे, ते समजून घेतलं तर वाद मिटतो. ऑफसेट छपाईत चित्र शाईच्या बारीक ठिपक्यांनी उमटतं आणि कागदावर तो ठिपका पसरतो. मधल्या छटांत साधारण १५ ते २० टक्के. सावळा चेहरा आधीच गडद, त्यात शाई पसरली की सावलीतले डोळे-ओठ बुजतात. ऑपरेटर त्यावर एकच उपाय करतो, सगळा चेहरा उजळायचा. खरा उपाय वेगळा आहे. चेहऱ्याच्या सावलीतला ब्लॅक कमी करायचा, तपशिलाचा कॉन्ट्रास्ट वाढवायचा आणि कातडीचा रंग आहे तिथंच ठेवायचा. छपाईच्या शाया चार: सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी-लाल), यलो आणि ब्लॅक; आकडे टक्क्यांत. मी उजेडातल्या गालाला सायन ३०, मॅजेंटा ५५, यलो ६५, ब्लॅक ५ धरते. सावलीत सायन ४५, मॅजेंटा ६५, यलो ७५, ब्लॅक ३०च्या आत. यलो नेहमी मॅजेंटापेक्षा थोडा वर हवा, नाहीतर चेहरा गुलाबी पडतो. सायन १०-१५ पर्यंत खाली उतरला की समजा, कुणीतरी बाईला गोरं केलं. आलेल्या फाइलमध्ये कपाळ, गाल आणि हाताची मागची बाजू, तिन्हीकडे आयड्रॉपर (रंगाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअरमधलं टूल) लावून आकडे ताडून बघा. डोळ्यांवर विसंबू नका.

हे आकडे छापील ऑर्डरवरच लिहून दिले, खाली ‘कातडी, नखं, डाग यांना हात लावू नये’. ओपन फाइल दिली नाही. सगळी अक्षरं कर्व्हमध्ये नेली, म्हणजे फॉन्टऐवजी आकार केली, आणि पीडीएफ-एक्स-१-ए ही छपाईसाठीची पीडीएफ पाठवली. मगच गाडी हलली. व्हॉट्सअ‍ॅपवर रंग पास करू नका, आर्ट पेपरवर डिजिटल प्रूफ काढून त्यावर सही करा. तेही ऑफसेटशी तंतोतंत जुळत नाही, पण मशीनपाशी दाखवायला हातात कागद असतो.

मशीनपाशी उभं राहाच. शाई कमी-जास्त करणाऱ्या चाव्या कागदाच्या उभ्या पट्ट्यांप्रमाणे असतात, एक चावी फिरवली की ती सगळी पट्टी बदलते. अंकाचं नाव लाल असेल आणि त्याच पट्टीत खाली चेहरा असेल, तर लाल खुलवायला मॅजेंटा वाढवला की चेहराही लालबुंद होतो. म्हणून आमच्या अंकाचं नाव मी पांढरं ठेवलं. रंग नीट बसेपर्यंतचे कागद वाया जातातच, त्यासाठी आर्ट कार्ड जास्तीचं घ्यायला लावा. आम्ही २५० जीएसएमचं (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचं) घेतलं होतं.

लॅमिनेशनचंही इथंच सांगते, कारण ते आधी ठरवावं लागतं. मॅटनं काळा रंग राखाडीकडे झुकतो, ग्लॉसीनं खोल होतो. सावळ्या चेहऱ्याला ग्लॉसी चांगलं, फक्त ब्लॅक आधीच आवरलेला हवा.

फोटोतल्या बाईची लेखी संमती फोटोच्या दिवशीच घ्या आणि शेवटचं प्रूफ तिला दाखवा. श्रेयाच्या ओळीत फोटोग्राफरसोबत तिचं नाव आणि काम छापा. ‘मोटार रिवाइंडर’ असंच, ‘कष्टकरी महिला’ असं नको. छपाई नवरात्राच्या आधी लावा. नंतर छापखाने दिवाळीच्या कामांनी भरतात आणि मशीनपाशी कुणी उभंही करत नाही.